डोंगरात कशाला?



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बाईला चालायचं वावडं नाही. ती सरपणासाठी चालते, पाण्यासाठी चालते, कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालते. पण नवऱ्याबरोबर, नुसतं हिंडायचं म्हणून ती डोंगर चढली, तर गाव विचारतं, "कशाला?"

बचत गटाच्या बैठकांत मी कधीकधी विचारते, "नवरा-बायको दोघंच शेवटचे कुठे गेला होता?" उत्तरं ठरलेली असतात. दवाखाना, लग्न, जत्रा, बी-बियाणं. एकदा एक बाई म्हणाली, "आम्ही तर सहा सहा महिने बाहेरच असतो की!" सगळ्या हसल्या. ती ऊसतोडीबद्दल बोलत होती. याच डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्याला जातात. दोघं मिळून एक कोयता, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती, आणि फडाशेजारी कोपीत बिऱ्हाड. पहाटे चूल पेटवायची तिनंच, मोळ्या वाहायच्या तिनंच. उघड्यावरच्या त्या राहण्याला सहल कोण म्हणेल?

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा नवरा येडशीच्या रामलिंगला गेलो आणि बालाघाटच्या त्या टेकड्यांतून दोन दिवस पायी फिरलो. रामलिंगचं जंगल 1997 पासून अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. म्हणून तंबू ओळखीच्यांच्या माळावर लावला. ओझी निघतानाच वाटून घेतली होती. तंबू माझ्या पाठीवर, भांडी आणि शिधा त्याच्या. ज्याच्या पाठीवर भांडी, त्यानं स्वयंपाक करायचा, एवढा साधा नियम. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तिथंही बिचाऱ्यानं रांधायचं?" 'तिथंही' ऐकून मला हसू आलं. घरी तो कधी रांधत होता?

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. वाटेत मोटारसायकलवरच्या तिघांनी अडवलं. "नवरा-बायको आहात का?" विचारताना नजर माझ्या गळ्याकडे. मी मंगळसूत्र घालत नाही. नवरा "हो" म्हणाला, आणि तेवढ्यावर ते निघून गेले. मी आधी दोनदा सांगितलं होतं, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं! म्हणजे नवरा हा माझा डोंगरात जायचा परवाना. ज्यांचं लग्न झालेलं नाही, जात वेगळी आहे, त्यांच्याकडून अशा ठिकाणी पैसे उकळले जातात, घरी सांगायची धमकी दिली जाते. पोरगी बदनामीच्या भीतीनं गप्प बसते. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हाही गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं खुशबू खटल्यात 2010 साली सांगितलं. मग एकत्र डोंगर चढण्याबद्दल जाब विचारणारे हे कोण?

तुळजाभवानीची कथा आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असते. कर्दम ऋषींच्या मागे अनुभूती मंदाकिनीकाठी तप करत होती. कुकुर दैत्यानं तिला त्रास दिला, तिनं हाक मारली आणि देवी त्वरेनं धावून आली. त्या कथेत देवी अनुभूतीला विचारत नाही की बाई, तू एकटी इथे कशाला आलीस? रामलिंगला जटायू पडला असं लोक सांगतात, तोही सीतेसाठीच लढताना. अशा गोष्टी सांगणाऱ्या मुलखात आज चौकशी होते ती बाईचीच.

येत्या श्रावणात गटांनी मिळून रामलिंगचा एक दिवस ठरवावा असं आम्हाला वाटतं. वनखात्याकडे आधी विचारणा करू, संध्याकाळी अंधाराआधी खाली उतरू. जोडीनं या, मैत्रिणी मिळून या, एकट्या या. नवरे येणार असतील तर भांडी त्यांच्या पाठीवर. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांनी तसं आधी सांगावं, त्यांची सोय कार्यालयात करू. नावं आषाढ संपायच्या आत कळवा.