आनंदाची गोळी पडते कोठे?

शेतकरी आणि मच्छीमार बंधूंनो,

लेबाननची राजधानी बैरूत हे तुमच्या-आमच्या गावांसारखेच समुद्रकाठचे शहर. तेथल्या लहानशा बंदरात आजही मासेमारीच्या होड्या लागतात. पण त्या शहरात बंदुकीचा बार ऐकू आला, तर त्याचा अर्थ काय लावावा हे कोणालाच चटकन सांगता येत नाही. वरात निघाली, मुलगा परीक्षेत पास झाला, पुढारी दूरचित्रवाणीवर बोलू लागला, कोणाची अंत्ययात्रा निघाली, की बंदुका आकाशाकडे रोखल्या जातात. २०२४ च्या युद्धात विमानहल्ल्याचा इशारा मिळताच झोपलेली वस्ती जागी करण्यासाठी गोळ्या झाडल्या गेल्या. आणि २७ नोव्हेंबरला युद्धविराम झाला तेव्हा आनंदानेही गोळ्याच झाडल्या गेल्या! पळावे की नाचावे, हे गरिबाने ठरवावे कसे?

तुम्ही दर्यात टाकलेले जाळे तुमच्याच हाती परत येते. आकाशात झाडलेली गोळी मात्र भलत्याच्याच दारी जाते. कोणाची गच्चीवरची पाण्याची टाकी फुटते, कोणाचा पत्रा भेदून ती झोपलेल्याच्या अंगात शिरते. १० नोव्हेंबर २०२२ रोजी बैरूतला उतरणाऱ्या प्रवासी विमानालाही अशीच गोळी लागली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. काबूलचे दैव तेवढे बलवत्तर नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबानच्या विजयोत्सवी गोळीबारात तेथे निदान १७ माणसे दगावल्याचे वृत्त होते. खेळ मांजराचा, जीव जातो उंदराचा!

मग लेबाननमध्ये कायदा नाही काय? आहे. हवेत गोळी झाडणाऱ्याला तुरुंगात धाडणारा कायदा २०१६ सालीच झाला. हसन नसरल्ला यांच्यासारख्या बलाढ्य नेत्यानेही आपल्या अनुयायांना हे थांबवा म्हणून जाहीर बजावले. तरी बार थांबले नाहीत. कारण १९७५ ते १९९० ची यादवी संपली, तरी घरोघरच्या बंदुका गेल्या नाहीत. झाडणाऱ्याच्या पाठीशी कोणी ना कोणी पुढारी उभा असतो. आणि खरे म्हणजे तो बार निव्वळ आनंदाचा नसतोच. 'आमच्याकडेही बंदुका आहेत' हा तो पलीकडच्या मोहल्ल्याला दिलेला निरोप असतो. तो ऐकून पलीकडचाही आपली बंदूक टाकीत नाही.

हे दूरदेशीचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या देशातही वरातीत बार काढण्याची खोड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पण कागदावरचा कायदा गोळी अडवीत नाही. म्हणून तुम्हीच ठरवा: ज्या मिरवणुकीत बंदूक निघेल, तेथून पाय काढायचा, टाळी वाजवायची नाही आणि पोलिसांना कळवायचे. त्या बंदूकवाल्याला सोडवायला धावणारा पुढारी तुमच्या दारी मत मागायला आला, तर त्याला एवढेच विचारा: ती गोळी तुमच्या अंगणात पडली असती तर?