ऑपरेशन परदेशात, दुखणे मात्र घरी

वजन कमी करण्याचे ऑपरेशन परदेशात जाऊन करून घेणे ही आता फक्त श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. ब्रिटनमधली साधी नोकरदार माणसे पोटाला बँड बसवून घ्यायला गेली अनेक वर्षे बेल्जियमला, झेक प्रजासत्ताकात, पोलंडला जात आली आहेत. अमेरिकेतली माणसे सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात. अलीकडे तुर्कस्तानची जाहिरात सगळ्यात जोरात आहे. आखातातून आणि आफ्रिकेतून पेशंट आपल्या मुंबई-पुण्यात येतात. आपली कितीतरी मुले-मुली आज नर्सिंग, वृद्धांची देखभाल, शिक्षण अशा कारणांनी ब्रिटनमध्ये आणि आखातात आहेत. त्यांच्यासमोर ही जाहिरात रोज येते, म्हणून हा विषय आपल्या आरोग्याच्या पानावर घेते आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. जाणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. माझी तक्रार विकणाऱ्यांशी आहे. ते ऑपरेशन विकतात आणि नंतरची दोन वर्षे पेशंटच्या पदरात टाकून मोकळे होतात. वॉर्डात इतकी वर्षे काम केल्यावर मी एवढे नक्की सांगू शकते की, टेबलावरचा तास सर्जनचा असतो, पण पेशंट बरा होतो तो पुढच्या महिन्यांत. बँडच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे.

बँड म्हणजे नेमके काय?

गॅस्ट्रिक बँड ही सिलिकॉनची एक पट्टी असते. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर लहान छेद घेऊन, ती जठराच्या वरच्या टोकाला कंबरपट्ट्यासारखी गुंडाळतात. त्यामुळे वरती छोटीशी थैली तयार होते. थोडे खाल्ले की ती भरते आणि पोट भरल्यासारखे वाटते. पट्टीला एक बारीक नळी जोडलेली असते आणि नळीचे दुसरे टोक पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका लहान डबीला जोडतात. या डबीला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुईने सलाईनचे पाणी भरले की पट्टी घट्ट होते, काढले की सैल होते. यात जठर कापत नाहीत आणि पट्टी पुन्हा काढता येते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली या बँडला परवानगी दिली. पुढची दहा वर्षे त्याचा फार बोलबाला झाला. नंतर पट्टी सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, नळी गळणे, वजन पुरेसे न उतरणे अशा तक्रारी वाढल्या आणि बरेच बँड काढावे लागले. आज जठराचा मोठा भाग कापून काढण्याचे 'स्लीव्ह' ऑपरेशन जास्त होते. पण आधी बसवलेले बँड घेऊन जगणारी माणसे जगभर आहेत, आणि 'कापाकापी नाही' म्हणून आजही बँड मागणारे आहेत.

आता मुद्दा लक्षात घ्या. बँड बसवला त्या दिवशी तो सहसा रिकामा किंवा जवळजवळ रिकामा असतो. पहिल्यांदा पाणी भरतात ते साधारण चार ते सहा आठवड्यांनी. मग वजन, भूक, उलटी पाहून पहिल्या वर्षात अनेक वेळा थोडे थोडे भरावे किंवा काढावे लागते. म्हणजे बँडचे खरे काम सुरू होते तेव्हा पेशंट विमानाने घरी परतलेला असतो. ज्या दवाखान्याने पट्टी बसवली तो दुसऱ्या देशात! पॅकेजच्या किमतीत ऑपरेशन, हॉटेल, विमानतळावरून न्यायला गाडी, सगळे असते. पुढच्या फेऱ्या कुठे आणि कोणाच्या पैशाने करायच्या, हे नसते.

ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेच्या सूचनांप्रमाणे अशा ऑपरेशननंतर किमान दोन वर्षे पाठपुरावा हवा आणि नंतर दरवर्षी तपासणी. तिथली सरकारी आरोग्यसेवा जीव धोक्यात असेल तर पेशंटला घेते, पण परदेशात बसवलेल्या बँडमध्ये नेहमीचे पाणी भरून देईलच असे नाही. तुर्कस्तानात अशी ऑपरेशने करून घेतलेल्या ब्रिटिश नागरिकांच्या मृत्यूंच्या बातम्या बीबीसीने २०२३ साली दिल्या. त्यानंतर दोन्ही देशांच्या सरकारांना या विषयावर बोलावे लागले.

घरी आल्यावरचे आठवडे

पहिले दोन आठवडे साधारण पातळ पदार्थच. आपल्या घरात ते सहज होतात: मुगाचे पाणी, गाळलेले वरण, ताक, भाताची पेज, नाचणीची पातळ आंबील. नंतरचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, मग मऊ भात-वरण, मऊ अंडे, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास नेहमीचे जेवण. तुमच्या सर्जनने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा. घाई केली तर उलट्या होतात आणि उलट्यांच्या ताणाने नवी पट्टी सरकू शकते.

जेवताना छोटा चमचा, लहान घास, भरपूर चावणे. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचे. 'ताटात टाकू नये' हा संस्कार इथे बाजूला ठेवायचा आणि ताटात आधीच कमी वाढून घ्यायचे. जेवणाबरोबर पाणी नको. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. सोडा आणि फसफसणारी पेये नकोत. कोरडी भाकरी, ताजा पाव, मटणाचा चिवट तुकडा हे अडकतात. गोड चहा, आइस्क्रीम, श्रीखंड मात्र सहज खाली उतरतात. बँड पातळ साखरेला अडवत नाही. ऑपरेशन करूनही वजन उतरले नाही तर यात मुद्दाम लक्ष घालावे.

औषधांकडेही बघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे खाणे एकदम कमी झाले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते; डोस आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्या जठराला जखम करतात. मोठी गोळी अडकते म्हणून कुटून घेण्याआधी विचारा, कारण काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट. वजन उतरू लागले की दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नये.

पाय सुजून पोटरी दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. ऑपरेशन आणि त्यावर विमानात तासन्‌तास बसणे, दोन्हींमुळे हा धोका वाढतो. ताप, पोटात असह्य दुखणे, पोर्टच्या जागी लाली किंवा पू, सतत उलट्या, आणि स्वतःची थुंकीसुद्धा गिळता न येणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. सरळ रुग्णालय गाठायचे.

लपवण्याची किंमत

ब्रिटनमध्ये वृद्धांच्या देखभालीचे काम करणाऱ्या ओळखीतल्या एका ताईंनी काही वर्षांपूर्वी बेल्जियमला जाऊन बँड बसवून घेतला होता. घरी कोणालाच सांगितले नव्हते. सुट्टीत नागपूरला आल्या आणि लग्नाच्या जेवणानंतर उलट्या सुरू झाल्या. चार दिवस पाणीही टिकेना. एका दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून इंजेक्शने दिली, सलाईन लावले आणि घरी पाठवले. त्यांनी बँडचे सांगितलेच नव्हते. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, सांगणार कशा? मला फोन आला तेव्हा मी एवढेच विचारले, "ताई, पोटाचे काही ऑपरेशन झाले आहे का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "हो, पण कुणाला बोलू नका."

त्यांच्या पर्समध्ये एक कार्ड होते. त्यावर बँडचे नाव आणि आत किती मिलिलिटर पाणी आहे ते लिहिलेले होते. त्या कार्डाने काम केले. ऑपरेशनची माहिती असलेल्या सर्जनने पोर्टमधून पाणी काढले, बँड सैल झाला आणि थोड्याच वेळात त्या घोटभर पाणी प्यायल्या.

इथे नर्स भगिनींसाठी दोन गोष्टी. पोर्टला साधी सुई लावायची नसते, त्याने पडदा फाटून तो गळू लागतो. ह्युबर नीडल लागते, जी कॅन्सरच्या वॉर्डात केमोपोर्टसाठी वापरतात. आणि अनेक दिवस उलट्या झालेल्या पेशंटला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, द्यायला डॉक्टरांना आठवण करा. ते राहून गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

ताईंचे दुखणे अवघड नव्हते. ते लाजेने अवघड केले. आणि ही लाज त्यांनी स्वतः आणलेली नाही, ती आपण दिलेली आहे. जाड बाईला आपण कार्यक्रमात, बैठकीत, लग्नात हसतो. तिने वजन उतरवायला ऑपरेशन केले की "तोंड आवरता येत नाही म्हणून पोट बांधून घेतले" असेही म्हणतो. मग ती कोणाला सांगेल? लठ्ठपणात अनुवंश असतो, हार्मोन असतात, औषधे असतात, रात्रपाळी असते, स्वस्त आणि तळलेल्या खाण्यावर काढलेले दिवस असतात. त्याला नुसता आळस म्हणणे हे अज्ञान आहे.

दोष कोणाचा, मागणी कोणाकडे?

माणसे परदेशात जातात कारण घराजवळची रांग संपत नाही किंवा खासगीचा खर्च झेपत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी ऑपरेशनसाठी लांबलचक प्रतीक्षा आहे. आपल्याकडे खासगी रुग्णालयात याचा खर्च लाखांत जातो. २०१९ च्या नियमांनंतर आरोग्य विम्यात बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत ठराविक गंभीर आजार असेल तर हे ऑपरेशन बसू शकते. पण विमाच नसलेल्या घराला त्याचा काय उपयोग? म्हणून 'स्वस्तात गेली, भोगते आहे' असे म्हणणाऱ्यांनी आधी रांगेचा हिशोब मांडावा.

आपल्या रुग्णालयांनाही हाच नियम लावला पाहिजे. २०१७ साली इजिप्तमधून इमान अहमद यांना खास विमानाने मुंबईत आणले. मार्चमध्ये वजनाचे ऑपरेशन झाले, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ऑपरेशन बँडचे नव्हते आणि आजार फार गुंतागुंतीचा होता, म्हणून मृत्यूचा दोष ऑपरेशनला देणे बरोबर नाही. पण वर्तमानपत्रे तेव्हा रोज उतरलेले किलो मोजत होती. पुढची वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आफ्रिकेतून येऊन आपल्या शहरात ऑपरेशन करून परत जाणाऱ्या बाईचे पुढे काय होते, हे विचारणे आपलेही काम आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. परदेशी पेशंटचे असे ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, मग ते इस्तंबूलचे असो की मुंबईचे, पेशंटच्या गावातल्या डॉक्टरचे नाव आधी घ्यावे आणि पाठपुराव्याचा खर्च आधी लेखी सांगावा. ज्याच्याकडे पुढची सोय नाही त्याला बँड बसवू नये.

जाणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी घराजवळ बँडमध्ये पाणी भरून देणारा डॉक्टर शोधावा. तो सापडला नाही तर जाऊ नये. परतताना ऑपरेशनची नोंद, बँडची कंपनी, आकार आणि क्रमांक, आत किती मिलिलिटर आहे, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, हे सगळे हातात घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि घरातल्या निदान एका माणसाला दाखवावा.

आणि घरातल्यांनो, तुमच्याकडे कोणी असे ऑपरेशन करून आले तर "का केलेस?" हा प्रश्न ठेवून द्या. "आज किती पाणी प्यायलीस, उलटी झाली का, कार्ड कुठे ठेवलेस?" हे विचारा.