हिंदी सिनेमाचं शूटिंग ब्रिटनमध्ये का होतं? हिशोब समजून घ्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान केअर स्टार्मर मुंबईत यशराज स्टुडिओत आले आणि २०२६ पासून यशराजचे तीन सिनेमे ब्रिटनमध्ये शूट होतील, अशी घोषणा झाली. पंतप्रधानांना यात एवढा रस का?

कारण शूटिंग म्हणजे स्थानिकांना काम. हॉटेल, गाड्या, केटरिंग, लाईटवाले, ज्युनिअर आर्टिस्ट हे सगळे बहुतेक तिथलेच असतात. म्हणून ब्रिटन तिथल्या पात्र खर्चावर ३४ टक्के क्रेडिट देतं. कर वजा जाता साधारण २५.५ टक्के हातात येतात.

अटी काय?

• ब्रिटनमध्ये कर भरणारी निर्मिती कंपनी हवी.
• सिनेमा ‘सांस्कृतिक चाचणी’त पास व्हावा, किंवा अधिकृत सहनिर्मिती असावा.
• मुख्य निर्मितीखर्चापैकी किमान १० टक्के खर्च ब्रिटनमध्ये व्हावा.

खरी मेख पुढे आहे. आधी खर्च करायचा, क्रेडिट नंतर मिळतं. मोठ्या बॅनरला हे झेपतं. छोट्या मराठी निर्मात्याला मात्र तोपर्यंत उसन्या पैशांवर व्याज भरावं लागतं, आणि सवलतीचा मोठा भाग त्यातच जाऊ शकतो. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी, ‘किती मिळणार’ यासोबत ‘कधी मिळणार’ हेही लेखी विचारून घेतलेलं बरं.