सील शाबूत, माल कुणाचा?

गोदीत कंटेनर उतरला की आपण सीलचा नंबर कागदाशी ताडतो. सील शाबूत म्हणजे माल मालकाचाच? हट्! ठोकायच्या आधी कुणी काय कोंबलं, ते सील थोडंच बोलतंय.

कॉम्प्युटरचं सील म्हणजे हॅश. एक अक्षर हललं की आकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासूनचा साक्ष्य कायदा प्रमाणपत्रात तो मागतो. मागू दे. पण राखण होते ती आकडा काढल्यानंतरची.

एल्गार परिषद खटल्यात रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये उचलला. बचावाने गाठलेली अमेरिकेची आर्सेनल कंपनी २०२१ मध्ये म्हणाली : जून २०१६ पासूनच आत नेटवायर शिरलेलं, पत्रं बाहेरून पेरलेली, मालकाने ती उघडल्याची खूण नाही. एनआयएला हे अमान्य. बरं, मग उलटतपासणीत भिडा ना! खटला उभा राहीना, अन् विल्सनना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी. स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले.

दोस्तहो, आपल्या वस्तीतल्या पोराचा मोबाईल उचलला तर आर्सेनल कोण आणणार? डिस्कची नक्कल पहिल्याच दिवशी द्या, त्याच्या माणसादेखत, नंबरासकट. आणि तपासनीसाचा खर्च सरकारने भरावा.