नोकरी सोडा, पण हिशोब करून

आयटीवाल्यांच्या गप्पांत "जॉब सोडून वाईन काढायची" हा विषय निघाला की राजीव सामंतांचं नाव येतंच. स्टॅनफर्डचं शिक्षण, ओरॅकलमधली नोकरी, ती सोडून नाशिक आणि मग सुला! ऐकायला एकदम भारी.

पण मधली वर्षं कुणी सांगत नाही. नाशिकजवळ घरची जमीन होती, हे पहिलं. आधी आंबा, खाण्याची द्राक्षं असं सगळं करून झालं. १९९७च्या सुमारास वाईनच्या द्राक्षांची लागवड, आणि पहिली वाईन बाजारात आली २००० साली. शेअर बाजारात नोंदणी तर थेट डिसेंबर २०२२ मध्ये.

आमच्या हिंगोलीकडे वसमतची हळद साधारण नऊ महिन्यांत निघते. वाईनच्या वेलाला पहिलं नीट पीक यायलाच दोन-तीन वर्षं. वर लायसन्स, टाक्या, बाटल्या. तोवर ईएमआय कोण भरणार?

माझं मत सरळ आहे. राजीनामा द्यायला एका दिवसाची हिंमत पुरते, धंद्याला पगाराविना चार-पाच वर्षं काढावी लागतात. तेवढी शिल्लक आणि घरच्यांचा होकार असेल तर खुशाल सोडा. नसेल तर तूर्त शनिवार-रविवार आहेतच की!