मोडलें तें सांधणारा जंतु

सूक्ष्मदर्शकाशीं रेंगाळणाऱ्या मुलास "यांत पोटापाण्याचें काय?" असें पालक विचारतात. प्रश्न गैर नव्हे. पण तो फार लौकर विचारला जातो, असें आमचें मत आहे.

१९५६ सालीं अमेरिकेंत ऑरेगन येथें आर्थर अँडरसन ह्यांनीं गॅमा किरणांनीं निर्जंतुक केलेल्या मांसाचा डबा नासलेला पाहिला. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता! त्यांत सांपडलेल्या जंतूस डायनोकॉकस रेडिओड्यूरन्स म्हणतात. मनुष्यास ५ ग्रे किरणोत्सर्ग प्राणघातक होतो. हा ५,००० ग्रे सोसतो. त्याच्या जनुकांची सांखळी अभेद्य आहे काय? मुळींच नाहीं. तिचे शंभराहून अधिक तुकडे होतात. कांहीं तासांत तो ते पुन्हां जोडतो.

१९९९ सालीं त्याचीं सर्व जनुकें वाचून झालीं, तरी कोडें सुटेना. मग २००७ सालीं मायकेल डेली प्रभृतींनीं दाखविलें कीं, मँगॅनीजच्या योगें त्याचीं प्रथिनें शाबूत राहतात. घर पडलें तरी गवंडी वांचले, असा हा प्रकार! जनुकांइतकाच प्रथिनांचा अभ्यास आम्हांस अगत्याचा वाटतो तो ह्यामुळेंच. मुंबईंत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतही ह्याच जंतूच्या प्रथिनांवर संशोधन झालें आहे.