सत्तरीचे हात आणि वळचणीची फियाट



आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात, वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनी मोटार विसावलेली असते. बहुतेकदा ती फियाट किंवा पद्मिनी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही १०८९ सीसी इंजिनाची गाडी. तिच्यातून वरात निघाली, बाळंतीण घरी आली, कुलदैवताचे दर्शन झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला, तेव्हा अनेक ज्येष्ठांना आपल्या ताडपत्रीखालच्या गाडीची नव्याने आठवण झाली असावी.

हल्ली दवाखान्यात एक प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी ती गाडी पुन्हा चालू करण्याचा ध्यास घेतलेला असतो आणि घरची मंडळी धास्तावलेली असतात. 'या वयात हे झेपेल का? की गाडी विकूनच टाकावी?' माझे उत्तर असे की, गाडी विकण्याची घाई करू नये. पण कामाची वाटणी आणि सुरक्षिततेचे नियम मात्र बॉनेट उघडण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत.

या छंदातून काय मिळते?

कार्ब्युरेटर सुटा करणे, त्याचे जेट स्वच्छ करणे, प्रत्येक भाग क्रमाने मांडून पुन्हा जोडणे, यांत हाताची बोटे, डोळे आणि स्मरणशक्ती एकत्र राबतात. जुनी गाडी यासाठी सोयीची आहे. तिच्यात संगणक नाही, बिघाड डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो. शिवाय सुट्या भागांच्या शोधात माणूस घराबाहेर पडतो, जुन्या मिस्त्रींशी बोलतो, उद्यासाठी काही काम शिल्लक ठेवतो. जोडीदार गमावलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ज्यांना विस्मरणाचा आजार जडला आहे, त्यांची हाताची सवय पुष्कळदा नावांच्या व तारखांच्या आठवणीपेक्षा अधिक काळ टिकते. अशा व्यक्तीला क्रोमचा बंपर चकाकवणे किंवा नटबोल्ट आकारानुसार लावणे, असे काम सोबत बसून द्यावे. मात्र छंद हे औषध नव्हे, आणि तो चालण्याची जागाही घेत नाही. पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव हवाच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

न दिसणारा शत्रू

या कामातील सर्वांत मोठा धोका धुराचा आहे. जुन्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, भोवळ येणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. ज्येष्ठांमध्ये ती सहज 'पित्त' किंवा 'मानेचा त्रास' म्हणून सोडून दिली जातात. त्यातही एक फसवणूक लक्षात ठेवावी. कोरोनाकाळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या वायूने व्यापलेले रक्त ओळखत नाही. आकडा ९८ दाखवत असतानाही माणूस गंभीर असू शकतो. म्हणून इंजिन नेहमी उघड्यावरच चालू करावे. गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. लक्षणे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे नियम मोडू नयेत

जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडीखाली जाण्यापूर्वी मजबूत स्टँड लावावेत; विटांचा टेकू कदापि नको. चाकांना लाकडी ठोकळ्यांची अटक असावी. घरी दुसरे माणूस नसेल तर गाडीखाली जाऊच नये.

नळीने तोंडावाटे पेट्रोल ओढण्याची जुनी सवय कायमची सोडावी. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास घातक न्यूमोनिया होतो. चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे. पेट्रोल, थिनर व कूलंट पाण्याच्या बाटलीत ठेवू नयेत. कूलंट चवीला गोडसर असते आणि ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. घरात नातवंडे असतील तर ही सूचना दुप्पट महत्त्वाची.

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. ब्रेक ड्रममधील धूळ फुंकू नये; ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. हार्डनर मिसळून फवारायचा रंग तर घरी मारूच नये. त्यातील रसायनांनी दमा जडतो आणि साधा कापडी मास्क तेथे निरुपयोगी असतो. ते काम रंगाऱ्याकडे द्यावे. विजेच्या तारांना हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडवावी, आणि अंगठी व घड्याळ उतरवून ठेवावे.

आपले आजार, आपली औषधे

मधुमेह असणाऱ्यांनी बंद बूट घालावेत. बधिर पायाला लोखंडाची कीस टोचल्याचे कळत नाही. कामाच्या नादात जेवणाची वेळ टळते आणि साखर उतरते, म्हणून खिशात खडीसाखर असावी. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून वा बसून एकदम उठताना चक्कर येते. स्टुलावर बसून काम करावे आणि सावकाश उठावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवावा. पेसमेकर असणाऱ्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनपासून हातभर दूर राहावे आणि वेल्डिंगला हात लावण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गिअरबॉक्स, सिलिंडर हेड असे जड भाग तरुण हातांनीच उचलावेत. हर्निया आणि पाठीचा मणका यांना हौस समजत नाही. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर काम सुरू करण्यापूर्वी ती घ्यावी.

गाडी झाल्यावर चालवणार कोण?

हा प्रश्न कुटुंबे टाळतात. तो आरंभीच विचारावा. या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेकवर पाय जोराने दाबावा लागतो. चाळिशीनंतर परवान्यासाठी लागणारे १-अ नमुन्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र ही केवळ औपचारिकता आहे असे मी मानत नाही. माझे एक रुग्ण, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, तीन वर्षे आपली पद्मिनी जुळवत होते. दरम्यान काचबिंदूने त्यांची बाजूची दृष्टी बरीच हिरावली. प्रमाणपत्र देता येणार नाही, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. पुढे त्यांनी नातीला ती गाडी शिकवली. आता ती चालवते आणि हे शेजारी बसून इंजिनाच्या आवाजावरून तिला गिअर केव्हा बदलायचा ते सांगतात. किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. काम चालू असतानाच तो वारसदार निवडला, तर ते पुष्कळ सुसह्य होते.

गाडीत बदल करायचाच असेल तर आधी सीटबेल्ट बसवून घ्यावेत. इंजिन किंवा मूळ बांधणी बदलण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आवश्यक असते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी होते. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

काळजी घेणाऱ्या मंडळींना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. 'बाबा, हे सोडा' असे म्हणण्याऐवजी रविवारी दोन तास त्यांच्यासोबत थांबा, स्टँड नीट लागले आहेत का ते पाहा, जड वस्तू तुम्ही उचला. आणि येत्या तपासणीला येताना औषधांच्या यादीसोबत या छंदाचाही उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करा. रुग्ण दिवसभर काय करतो, हे आम्हांला कळलेच पाहिजे.